लंडन पाहण्यापुरते इंग्रजी

परक्या शहरात आठ-दहा दिवस हिंडायला जाणाऱ्या माणसाला लागणारी भाषा म्हणजे तिथे शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याच्या भाषेचाच एक लहान तुकडा, असा सर्वसाधारण समज आहे; त्यामुळेच सहलीच्या आधी इंग्रजी सुधारण्यासाठी क्लास लावणारी मंडळी व्याकरणाच्या पहिल्या पाठापासून सुरुवात करतात आणि विमानात बसायची वेळ येते तेव्हा जेमतेम भूतकाळाच्या चार प्रकारांपर्यंत पोहोचलेली असतात. वस्तुतः प्रवाशाची भाषा ही मोठ्या भाषेची छोटी प्रत नव्हे, तिची घडणच निराळी असते. तिच्यात प्रसंग ठराविक, वाक्ये थोडी आणि समोरची माणसे अनोळखी असतात. संभाषण अर्ध्या मिनिटात संपते, पाठीमागे रांग ताटकळत असते आणि झालेली चूक सुधारायला दुसरी भेट होत नाही. लंडनच्या उदाहरणावरून हे पाहणे सोयीचे आहे, कारण तिथले इंग्रजी आपल्या परिचयाचे आहे अशा भरवशावरच मराठी प्रवासी तिथे उतरतो, आणि तो भरवसा निम्मा खरा व निम्मा खोटा असतो.

प्रवाशाच्या भाषेला शास्त्रीय बैठक मिळाली ती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांचे 'बेसिक इंग्लिश' मांडले, तेव्हा त्यांचा भर कमीत कमी शब्दांत सगळे काही सांगता यावे यावर होता. पुढे युरोप परिषदेसाठी जे. ए. व्हान एक यांनी १९७५ मध्ये 'थ्रेशोल्ड लेव्हल', म्हणजे भाषेच्या उंबरठ्याची पातळी, आखून दिली आणि मोजण्याचे मापच बदलले: शिकणाऱ्याला किती शब्द येतात याऐवजी त्या शब्दांनी त्याला कोणती कामे करता येतात, हे महत्त्वाचे ठरले. विनंती करणे, नकार देणे, वाट विचारणे, दिलगिरी दर्शवणे, न समजल्याचे सांगणे या कामांना भाषाशास्त्रात 'भाषिक कार्ये' म्हणतात. न्यूझीलंडमधील पॉल नेशन आणि डेव्हिड क्रॅब यांनी १९९१ मध्ये परदेशी प्रवासासाठी तगून राहण्यापुरता अभ्यासक्रम तयार केला, तो जेमतेम १२० शब्द आणि वाक्खंडांचा आहे. वाक्खंड म्हणजे फोड न करता सबंधच पाठ करायचा शब्दसमूह. तो व्याकरणाच्या कोणत्या नियमाने बनला, हे प्रवाशाला ठाऊक नसले तरी अडत नाही. १२० हा आकडा धीर देणारा आहे खरा, पण तो बोलण्यापुरता आहे. ऐकण्यापुरता नाही, आणि प्रवाशाची खरी अडचण तिथेच सुरू होते.

मराठी प्रवासी इंग्रजीच्या बाबतीत कोरा नसतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास २००० साली सुरुवात झाली, पण त्याआधीच्या पिढ्यांनीही पाचवीपासून पुढे कैक वर्षे इंग्रजीचा तास अनुभवलेला असतो, आणि त्याच्याही आधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर हात बसवलेला असतो. ही परंपरा भाषांतराची आहे: मराठी वाक्य घ्यावे, मनात त्याचे इंग्रजी जुळवावे, कर्ता-क्रियापद तपासावे आणि मग लिहावे. या शिस्तीने अर्ज, पत्रे आणि वर्तमानपत्रांचे अग्रलेख समजू शकणारी माणसे घडली, हे तिचे मोठेच यश म्हणावे लागेल. परंतु ती डोळ्यांची शिस्त आहे, कानांची नाही. संग्रहालयातली पाटी अडखळत का होईना वाचणारा सेवानिवृत्त शिक्षक कॉफीच्या दुकानात चार शब्दांच्या प्रश्नापुढे गप्प होतो, याचे कारण त्याचे इंग्रजी कच्चे आहे असे नसून ते कधी कानावाटे आत आलेलेच नाही, हे आहे.

गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश' या २०१२ च्या चित्रपटातील पुण्याच्या शशी गोडबोलेची न्यूयॉर्कच्या कॉफीघरात होणारी फजिती याच ठिकाणची आहे. तिला काय मागायचे ते ठाऊक असते. तिला गाठतात ते उलट येणारे प्रश्न. लंडनमध्ये प्रसंगाची जात तीच, फक्त प्रश्न वेगळे. एखाद्या साध्या कॅफेत चहा आणि सँडविच मागणाऱ्यासमोर पहिला प्रश्न येतो तो 'ईट इन ऑर टेक अवे?', म्हणजे इथेच बसून खाणार की घेऊन जाणार. आणि तो केवळ सौजन्याचा नसतो, कारण ब्रिटनमध्ये बसून खाण्यावर मूल्यवर्धित कर लागतो, तर थंड पदार्थ बांधून नेल्यास बहुधा लागत नाही, त्यामुळे उत्तराप्रमाणे किंमत बदलू शकते. पाठोपाठ 'मिल्क?', 'एनिथिंग एल्स?', 'इज दॅट एव्हरीथिंग?' आणि 'कार्ड?' असे तुटक प्रश्न येतात, ज्यांच्यात क्रियापद असले तरी ऐकू येत नाही. पाठ्यपुस्तकात 'वुड यू लाइक टू हॅव मिल्क इन युवर टी?' असे घोटलेल्या कानाला नुसते चढत्या सुरातले 'मिल्क?' हा प्रश्न आहे, हेच आधी उमगत नाही. 'एनिथिंग एल्स?' आणि 'इज दॅट एव्हरीथिंग?' या दोन प्रश्नांचा हेतू एकच, पण उत्तरे उलटी: पहिल्याला 'नो, थँक यू' आणि दुसऱ्याला 'येस, थँक यू'. सवयीने दोन्हींना 'येस' म्हणणाऱ्याकडे विक्रेता आणखी काही तरी मागितले जाईल या अपेक्षेने पाहत राहतो.

रोजच्या व्यवहारातली संभाषणे अशी ठरलेल्या क्रमाने पुढे सरकतात. नाटकाच्या संहितेप्रमाणे कोणी आधी बोलायचे, त्यावर काय विचारले जायचे आणि शेवट कसा व्हायचा, हे दोन्ही बाजूंना अगोदरच माहीत असते. भाजीवाल्याकडे 'कशी दिली?' म्हटल्यावर पुढे काय होणार हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही, तसेच हे. परक्या देशात शब्द नवे असतात त्याहून अधिक हा क्रम नवा असतो. म्हणून प्रवाशाने वाक्यांची यादी पाठ करण्यापेक्षा सात-आठ प्रसंगांचा क्रम पाठ करावा: विमानतळावरचा अधिकारी, बसचा चालक, भुयारी रेल्वेचे फाटक, खाण्याचे दुकान, हॉटेलचा स्वागतकक्ष, संग्रहालयाचे दार, औषधांचे दुकान आणि रस्त्यावरचा वाटसरू. यांपैकी विमानतळावरचा प्रसंग सर्वांत जास्त धास्तीचा आणि प्रत्यक्षात सर्वांत सोपा असतो, कारण तिथले प्रश्न बहुतेक सगळे आधीच सांगता येतात: येण्याचा हेतू काय, किती दिवस राहणार, कुठे उतरणार, परतीचे तिकीट आहे का. त्यांची उत्तरे 'साइटसीइंग', 'टेन डेज' अशी एक-दोन शब्दांची असली तरी पुरतात; तिथे लांबलचक, व्याकरणशुद्ध वाक्य जुळवत बसणे हेच उलट संशयास्पद दिसते.

मराठी प्रवाशाकडून नकळत होणारा सर्वांत गंभीर प्रमाद व्याकरणाचा नसून आदराचा असतो, आणि तो उद्धटपणातून नव्हे तर भाषांतरातून होतो. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटात राहतो. 'पाणी दे', 'पाणी द्या', 'पाणी देता का', 'जरा पाणी द्याल का' ही चढण प्रत्येक मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वीच चढलेले असते. शिवाय तू, तुम्ही आणि आपण अशी तीन सर्वनामे, 'अहो' हे संबोधन आणि अनोळखी माणसालाही काका, मावशी, दादा, ताई करून टाकणारी नात्याची सोय हाताशी असते. इंग्रजीत सर्वनाम एकच, 'यू', आणि क्रियापदाला आदराचे शेपूट नाही. त्यामुळे 'एक चहा द्या' या अत्यंत सभ्य वाक्याचे 'गिव्ह मी वन टी' होते तेव्हा 'द्या'मधला 'या' भाषांतरात गळून पडतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती फक्त हुकूम उरतो. बोलणाऱ्याला आपण नम्र बोललो असे मनापासून वाटत असते, समोरच्याच्या कपाळावर आठी का आली हे कळत नाही, आणि मग 'इंग्रज लोक तुसडे' हा निष्कर्ष घेऊन तो घरी परततो.

इंग्रजीत हा आदर वेगळ्या शब्दांनी बाहेरून जोडावा लागतो. अनोळखी माणसाशी बोलण्याआधी 'एक्स्क्यूज मी', काही मागताना 'कुड आय हॅव', काही विचारताना 'कुड यू टेल मी' आणि शेवटी 'प्लीज', एवढी सामग्री बहुतेक सगळ्या प्रसंगांना पुरते. 'अंकल' किंवा 'आंटी' इथे चालत नाही, आणि 'सर', 'मॅडम' यांवाचून काही अडत नाही. मराठीत 'अहो काका, जरा' जे काम करते ते 'एक्स्क्यूज मी' एकटे करते. 'कॅन'च्या जागी 'कुड', म्हणजे त्याचे भूतकाळी रूप, का वापरायचे असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि त्याचे उत्तर मराठीतच आहे. कोणाच्या दारात उभे राहून 'जरा एक विचारायचं होतं' असे म्हणणारा माणूस भूतकाळाविषयी काही सांगत नसतो; काळाचे अंतर तो आदराचे अंतर म्हणून वापरत असतो. इंग्रजीचे 'कुड' आणि 'वुड' तेच करतात. एकदा हे साम्य ध्यानात आले की 'कुड'चा नियम पाठ करावा लागत नाही.

'सॉरी' या शब्दाचेही असेच. मराठीत क्षमा मागणे ही वजनदार गोष्ट आहे, म्हणून तो शब्द सहसा जपून वापरला जातो. लंडनमध्ये मात्र तो रांगेत धक्का लागल्यावर, गर्दीतून वाट काढताना, आणि समोरच्याचे बोलणे ऐकू न आल्यावरही उच्चारला जातो. चढत्या सुरातला 'सॉरी?' म्हणजे 'काय म्हणालात?' एवढाच अर्थ असतो, त्यात अपराधाचा भाग नसतो. दुकानातला विक्रेता 'यू ऑल राइट देअर?' असे विचारतो तेव्हाही तो प्रकृतीची चौकशी करत नसून काय हवे ते विचारत असतो, आणि आणखी चहा हवा का या प्रश्नाला कोणी 'आय अ‍ॅम ऑल राइट, थँक्स' म्हटले तर ते सरळ 'नको' असते. 'चिअर्स' हा शब्द पेला उंचावतानाच उच्चारतात असे समजणाऱ्याला बसथांब्यावर तो ऐकून नवल वाटते. तिथे त्याचा अर्थ आभार एवढाच.

याहून फसवे प्रकरण होकार-नकाराचे आहे. भुयारी रेल्वेच्या फाटकावर कर्मचाऱ्याने 'डोंट यू हॅव अ टिकेट?' असे विचारले आणि तिकीट नसेल, तर मराठी मन प्रश्नाशी सहमत होते: 'हो, नाहीये.' इंग्रजी वस्तुस्थितीशी सहमत होते: तिकीट नसेल तर 'नो', असेल तर 'येस', प्रश्न कोणत्याही बाजूने विचारला तरी. मराठी सवयीने दिलेल्या 'येस'चा अर्थ तिकीट आहे असा होतो आणि पुढचा गोंधळ ओघाने येतोच. 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' या प्रश्नाचेही असेच. त्याचा शब्दार्थ 'मी इथे बसलो तर तुमची हरकत आहे का' असा असल्यामुळे 'बसा की' असे सांगायचे असेल तर 'नो, नॉट अ‍ॅट ऑल' म्हणावे लागते. हसतमुखाने 'येस, येस' म्हणणारा मराठी गृहस्थ आपण जागा नाकारली आहे हे कधीच ओळखू शकत नाही.

उच्चारांच्या बाबतीत मराठी भाषकाच्या पदरात एक मोठे साधन आहे आणि एक मोठी अडचण. अडचण अशी की इंग्रजीत शब्दाच्या आरंभी येणारे प, ट आणि क हे आघाताच्या ठिकाणी किंचित श्वास सोडून उच्चारले जातात; ध्वनिशास्त्रात याला महाप्राणत्व म्हणतात आणि मराठीत ते प आणि फ, क आणि ख यांना वेगळे करते. मराठी माणूस इंग्रजी 'प' कोरडा उच्चारतो आणि इंग्रजी कानाला तो 'ब'च्या जवळचा वाटतो, त्यामुळे 'पाय', म्हणजे खाण्याचा पदार्थ, मागितल्यावर समोरच्याला 'बाय' ऐकू येण्याचा संभव असतो. त्यावर उपाय म्हणून 'प'मध्ये हलकासा 'ह' मिसळावा. तसे केल्यावर होणारा हा अस्सल मराठी 'फ' दोन्ही ओठांचा असतो. फळालाही दात टेकवून उच्चारण्याची जी नवी रीत पडली आहे, ती इथे कामाची नाही.

साधन म्हणजे देवनागरी लिपी. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन अक्षरांचे ध्वनी मराठी जीभ एकाच 'व'मध्ये उरकते, पण मराठी लेखनाने मात्र त्यांना केव्हाच वेगळे केले आहे: व्हिक्टोरिया आणि व्हॉक्सहॉल 'व्ह'ने, वॉटर्लू आणि वेस्टमिन्स्टर 'व'ने. ही चारही लंडनची स्थानके आहेत. लिहिताना पाळलेला भेद तोंडाने पाळायचा एवढेच उरते. 'व्ह'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घर्षण करावे आणि 'व'ला ओठांचा चंबू करावा, दात कुठेही लागू देऊ नयेत. लंडनच्या स्थळनामांबाबतही देवनागरी वहीइतका उत्तम शिक्षक नाही, कारण तिथे स्पेलिंग म्हणजे जुन्या काळाचा अवशेष आहे. ज्या नावांच्या शेवटी 'विच' लिहिलेले असते त्यांतला 'व' लोपतो, म्हणून भूगोलाच्या पुस्तकातले ग्रीनिच तिथे 'ग्रेनिच' होते आणि त्याच नदीकाठचे पुढचे गाव 'वूलिच'. 'हॅम'ने संपणाऱ्या नावांतला 'ह' उरत नाही: क्लॅपम, पेकम, टॉटनम. 'सेस्टर' आखडून 'स्टर' होते, त्यामुळे नाटकगृहांचा प्रसिद्ध चौक 'लेस्टर' आणि संग्रहालयांजवळचे स्थानक 'ग्लॉस्टर'. काही नावांना मात्र नियमच नाही, ती जशी ऐकू येतात तशी उतरवून घ्यावी: होबन, सदक, मार्लबन, बरा. स्पेलिंगप्रमाणे 'साउथवार्क' म्हणून वाट विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे उद्घोषणेतले 'सदक' हे आपलेच स्थानक आहे हे त्याच्या लक्षात न येता ते मागे पडते.

शब्दातल्या आघाताकडेही थोडे लक्ष द्यावे लागते. मराठीत शब्दातील सर्व अक्षरे जवळजवळ सारख्या वजनाने उच्चारली जातात, इंग्रजीत एकावर जोर पडतो आणि बाकीची अंग चोरतात. 'म्युझिअम'चा जोर 'झि'वर, 'हॉटेल'चा 'टेल'वर. पहिल्या अक्षरावर जोर दिल्यास शब्द ओळखू येत नाही असे नाही, पण क्षणभर विचार करावा लागतो. जोर खरोखर निर्णायक ठरतो तो आकड्यांत. 'थर्टीन'चा जोर शेवटी आणि 'थर्टी'चा सुरुवातीला, आणि तेरा व तीस यांतले अंतर बसच्या क्रमांकात किंवा पैशांत परवडणारे नसते. शंका आली तर 'वन थ्री ऑर थ्री झीरो?' असे सुटे आकडे विचारणे हा खात्रीचा मार्ग आहे. लंडनकरांचे स्वतःचे उच्चारही क्रमिक पुस्तकाला धरून नसतात: 'कार पार्क'मधले दोन्ही 'र' गळतात, 'वॉटर'मधला 'ट' घशातच अडकतो, आणि काहींच्या तोंडी 'थ्री'चे 'फ्री' होते, तेव्हा तीन पौंडांची वस्तू फुकट मिळणार असा गैरसमज होऊ शकतो.

शहरात फिरण्याची भाषा बरीचशी भुयारी रेल्वेत भेटते. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावल्यानंतर दहाच वर्षांनी, जानेवारी १८६३ मध्ये, लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे सुरू झाली, आणि एवढ्या जुन्या संस्थेने स्वतःची बोली घडवली आहे. 'माइंड द गॅप' ही १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ध्वनिमुद्रित सूचना त्यातली सर्वांत परिचित. वळणावर बांधलेल्या फलाटांमुळे गाडीच्या दारात फट राहते, ती सांभाळा, असा तिचा अर्थ, आणि 'माइंड' म्हणजे इथे मन नव्हे. 'अलाइट' म्हणजे उतरणे, हा शब्द बोलण्यात कोणी वापरत नाही पण उद्घोषणेत हमखास येतो. 'ऑल चेंज' याचा अर्थ सगळे बदला असा नसून गाडी पुढे जाणार नाही, सर्वांनी उतरावे, असा आहे. बाहेर पडण्याच्या वाटेला तिथे 'वे आउट' म्हणतात. 'सबवे' म्हणजे पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग, रेल्वे नव्हे. अमेरिकी चित्रपट पाहिलेला प्रवासी इथे चुकतो, मुंबईचा माणूस चुकत नाही. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, म्हणून चालकापुढे नोट धरण्यात अर्थ नसतो. कार्ड बसमध्ये चढताना एकदाच टेकवायचे आणि रेल्वेत मात्र आत जाताना व बाहेर पडताना, दोन्ही वेळा, यालाच 'टच इन' आणि 'टच आउट' म्हणतात.

एक प्रत्यक्ष फेरी घेतली तर हे सगळे एकत्र येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये १९२१-२२ च्या सुमारास ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केले आहे, आणि मराठी प्रवाशांच्या यादीत ते आता बहुधा असतेच. जवळचे भुयारी स्थानक चॉक फार्म, नॉर्दर्न लाइनवरचे. ही लाइन कॅम्डन टाउनला फुटते. एक फाटा एजवेअरकडे जातो आणि दुसरा हाय बार्नेटकडे, आणि चॉक फार्म पहिल्या फाट्यावर आहे. म्हणून फलाटावर विचारायचा प्रश्न 'व्हेअर इज चॉक फार्म?' असा नव्हे, तर 'इज धिस द राइट ट्रेन फॉर चॉक फार्म?' असा असावा, कारण पहिल्याचे उत्तर लांब व न समजणारे येते आणि दुसऱ्याचे 'येस' किंवा 'नो' एवढेच. 'नो' आल्यास त्यापाठोपाठ बहुधा 'चेंज अ‍ॅट कॅम्डन टाउन' हे तीन-चार शब्द येतात, आणि जो नकाशा पाहून आला आहे त्याला नेमके तेवढेच ऐकायचे असते. प्रश्न असा रचावा की उत्तर लहान यावे, हे प्रवाशाच्या इंग्रजीतले सर्वांत उपयुक्त कसब आहे आणि संभाषणाच्या पुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते.

खाण्यापिण्याच्या बाबतीत अडचण वेगळी असते: इथे भारतीय इंग्रजीच आड येते. भारतात 'हॉटेल' म्हणजे जेवणाचीही जागा, लंडनमध्ये फक्त मुक्कामाची. 'पार्सल' मागितल्यास टपालाचे पुडके डोळ्यांसमोर येते. 'वेफर्स'ना 'क्रिस्प्स' म्हणतात आणि 'चिप्स' म्हणजे बटाट्याचे जाड तळलेले तुकडे. वांगे तिथे 'ओबर्जीन', भेंडी 'ओक्रा', दही 'योगर्ट', आणि ढोबळी मिरचीला 'पेपर' म्हणतात, ज्याचा अर्थ मराठी प्रवासी मिरी किंवा कागद असा करतो. शाकाहाऱ्यांनी 'व्हेज' या शब्दावर विसंबू नये; त्याचा तिथला अर्थ नुसती भाजी असा होतो, आणि पूर्ण 'व्हेजिटेरियन' म्हटले तरी त्यात अंडे बसते. अंडे नको असल्यास 'नो एग्ज' असे स्पष्ट सांगावे लागते. जेवणाआधी येणारा 'एनी अ‍ॅलर्जीज?' हा प्रश्न ऐकून पुष्कळजण बिचकतात, परंतु पदार्थांतल्या १४ ठराविक घटकांची माहिती ग्राहकाला मिळालीच पाहिजे असा तिथला कायदा आहे, आणि शेंगदाणे किंवा दूध न चालणाऱ्यांना तो प्रश्न म्हणजे आयती संधीच असते. पाण्यासाठी 'टॅप वॉटर, प्लीज' म्हणावे. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या उपाहारगृहांना ते गिऱ्हाइकाला विनामूल्य द्यावे लागते, नुसते 'वॉटर' म्हटले तर बाटली येते आणि बिलात दिसते.

इतके करूनही बरेचसे कळणार नाही, हे गृहीत धरूनच तयारी करावी लागते. युरोपात २००१ पासून प्रचलित असलेल्या भाषा-पातळ्यांच्या आराखड्यात सर्वांत खालच्या, 'ए वन' पातळीची व्याख्याच अशी आहे की समोरचा माणूस सावकाश, स्पष्ट बोलला आणि मदतीला तयार असला, तर शिकणाऱ्याला साधा संवाद साधता येतो. ही अट समोरच्यावर आहे, आणि ती त्याच्याकडून पूर्ण करून घेणे हे प्रवाशाचे काम आहे. न कळताच मान हलवणे, ही आपल्याकडची भिडस्त सवय इथे सर्वांत महाग पडते. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?' हे वाक्य म्हणता येणे इतर पन्नास वाक्यांपेक्षा मोलाचे आहे. त्यानंतर ऐकलेले स्वतःच्या तोंडाने परत सांगावे, 'सो, लेफ्ट, देन सेकंड राइट?', म्हणजे चूक असेल तर ती रस्त्यावर न कळता तिथेच कळते. यात लाजण्यासारखे फारसे नाही, कारण २०२१ च्या जनगणनेनुसार लंडनच्या दर दहा रहिवाशांपैकी सुमारे चार जण ब्रिटनबाहेर जन्मलेले आहेत, आणि काउंटरपलीकडच्या माणसाने हीच वाक्ये काही वर्षांपूर्वी स्वतः घोटलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

अभ्यासाला दोन महिने, रोज वीस मिनिटे एवढा वेळ पुष्कळ झाला, मात्र तो कुठे खर्च करायचा हे ठरवले पाहिजे. फोनमधली भाषांतराची सोय पाट्या आणि खाद्यपदार्थांच्या याद्या वाचायला उत्तम आहे, त्यामुळे वाचनाचा सराव जवळजवळ सोडून देता येतो. रांगेत उभे असताना आलेल्या प्रश्नाला मात्र फोन वेळेवर उत्तर देत नाही. ब्रिटिश उद्घोषणा आणि दुकानातली संभाषणे ऐकावी, स्थळनामे देवनागरीत उतरवावी आणि घरातल्याच कोणाला तरी समोर बसवून प्रसंग करून पाहावे. असे करताना बहुतेक जोडपी एक चूक करतात: दोघेही आळीपाळीने प्रवासी होतात आणि समोरचा माणूस सोज्वळपणे, पुस्तकासारखे स्पष्ट उत्तर देतो. अवघड भूमिका खरे तर दुकानदाराची आहे. ज्याचे इंग्रजी घरात सर्वांत चांगले असेल, बहुधा कॉलेजात जाणारी मुलगी किंवा नातू, त्याला ती द्यावी, आणि त्याने भराभर, अर्धवट, मान वर न करता बोलावे, मध्येच 'मिल्क?' म्हणून थांबावे, आणि आजी-आजोबांनी 'सॉरी?' म्हटल्याखेरीज पुढचा शब्द उच्चारू नये.